बेल की वायवर्णा

पंचवटी, नाशिक
भाद्रपद शुद्ध एकादशी

चि. आल्हाद यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढे एकच टिक येते. म्हणून हे पत्र. सिन्नरचा पत्ता स्वानंदीच्या माहेरून मिळवला. तुझ्या सासऱ्यांनी तो देताना माझ्याशी जो सूर लावला, तो मी घरातला मोठा म्हणून गिळला आहे, एवढं लक्षात असू दे.

मी रागावलेलो नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी जे झालं ते तुझ्या चुकीमुळे झालं, आणि चूक माणसाकडूनच होते. पण चूक झाल्यावर बायकोला घेऊन घर सोडायचं, हे आपल्याकडे कोणी केलं नव्हतं. चांदवडच्या खंडेरावांनी नातू झाला म्हणून लक्ष बिल्वार्पण बोललेलं. लाख पानं शंकराला वाहायची, म्हणून आपण इतके ब्राह्मण जमवले, हॉल घेतला, त्यांचे सोयरेधायरे गाड्या करून आले. संकल्प तू सांगावास असं त्यांच्या सुनेनं सुचवलं, तुझा आवाज गोड म्हणून. मी त्याला हरकत घेतली नव्हती, हेही लक्षात घे. आणि पानं आणायचं एवढं एक काम तुझ्याकडे, तर टोपल्या उघडल्यावर आत काय? ही भली मोठी, मऊ, फिकट पानं.

बेलाचं पान असं असतं का रे? वायवर्ण्याचं असतं. त्यालाही तीनच दलं, नवख्याला फरक कळत नाही. शिवाय झाड नदीकाठी हाताशी, बेलासारखे काटे नाहीत, ओरबाडायला सोपं. तरी मी नुसत्या डोळ्यांवर गेलो नाही. अण्णांनी आपल्याला काय शिकवलंय? डोळा फसतो, पान चोळ आणि नाकाला विचार. मी सगळ्यांसमोर पान चोळलं. वास नाही. दुसरं चोळलं. नाही. मग जे बोलायचं ते बोललो.

‘आळशा, देवाला फसवतोस का?’ हे शब्द जास्त झाले असं तुझ्या वहिनीचं, सरोजिनीचं म्हणणं आहे. असतील. टोपल्या हॉलच्या अंगणात ओतायला नको होत्या असंही ती म्हणते. पण मी त्या ओतल्या नसत्या तर खंडेरावांचं व्रत फुकट गेलं असतं. जमलेल्या ब्राह्मणांतल्या देवव्रतनं धावपळ करून दुसरी पानं मिळवली, कमी पडली तिथे अक्षता वाहिल्या, आणि कार्य पार पडलं.

आता एवढंच कर. एकदा खंडेरावांसमोर ‘चुकलो’ म्हण आणि घरी ये. पितृपक्ष तोंडावर आला आहे, माझ्या एकट्याच्यानं इतकी घरं होणार नाहीत. सिन्नरच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट नोंदवायला अण्णांनी तुझ्याकडून संहिता पाठ करून घेतली नव्हती.

इकडे सगळ्याचाच कस गेलाय. नवा कापूर आणला, जळतो पण वास म्हणून नाही. हल्ली मेण घालत असणार. उदबत्त्यांचं तेच. आमटीला चव नाही म्हणून सरोजिनीला हिंग बदलायला सांगितला, तर ती म्हणते हिंग नेहमीचाच आहे. आषाढात तो ताप येऊन गेल्यापासून माझं तोंडही जरा बेचव झालंय. असो.

तुझा,
दादा

पंचवटी
सर्वपित्री अमावास्या

चि. आल्हाद यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण टपाल येण्याच्या वेळेला मी खाली पार्किंगमध्ये घुटमळतो, हे सरोजिनीच्या लक्षात आलं आहे.

पक्ष पार पडला. देवव्रत मदतीला होता. तो चांगला आहे, पण तू शेजारी असलास की मला मागे वळून बघावं लागत नाही, तसं त्याचं नाही. दोनदा मंत्र पुढे गेला आणि दर्भ मागे राहिला.

आज घरी एक गंमत झाली. गंमत म्हणजे तशी गंमत नाही. अण्णांच्या पानाची खीर गॅसवर होती आणि सरोजिनी खाली दूध आणायला गेली होती. मला म्हणाली, लक्ष ठेवा. मी ओट्याजवळ स्टूल टाकून पंचांग बघत बसलो होतो. ती वर आली ती जिन्यातूनच ओरडत. खीर तळाला लागून काळी झाली होती, घरभर धूर. मी तिथेच, पातेल्यापासून हातभर अंतरावर. ती म्हणाली, ‘अहो, नाकासमोर जळतंय आणि तुम्ही बसलाय?’ शेजारच्यांना खालच्या मजल्यावर वास गेला होता म्हणे.

मी सर्दीवर ढकललं. सर्दी नाही.

खीर दुसरी केली. तुला हे का लिहितोय, कळत नाही. घरातल्या बारीकसारीक गोष्टी तुला कळवायची सवय आहे, त्यातलंच.

एक विचारायचं होतं, सहजच. ती त्या दिवशीची पानं तू नेमकी कुठून आणली होतीस? झाड कोणाचं? तू त्या वेळी काहीतरी सांगत होतास, ‘दादा, ती कलमी आहेत,’ असं काहीसं, पण मी पुढे बोलू दिलं नाही. मला काही संशय आहे म्हणून नव्हे. माहिती असावी म्हणून विचारतो. स्वानंदीकडून कळवलंस तरी चालेल.

दादा

पंचवटी
आश्विन वद्य तृतीया

आल्हाद,

मृण्मयी दसऱ्याला पुण्याहून आली. येताना सिन्नरला उतरून तुमच्याकडे जेवून आली, हे तिनं मला सांगितलंच नाही. आईला सांगितलं. या घरात तुझं नाव माझ्या माघारी घेतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ती वनस्पतिशास्त्र शिकते, हे अण्णा असते तर त्यांना किती आवडलं असतं. आईनं तिला खिरीचं सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिनं ताटलीत काहीतरी मांडून आणलं आणि मला डोळे मिटायला लावले. म्हणाली, ‘बाबा, चोळून नाकाशी धरते, काय आहे सांगा.’ मला खेळ वाटला. पहिलं धरलं. मी म्हणालो तुळस. दुसऱ्याला म्हणालो झेंडूचा पाला. तिसऱ्याला आणि चौथ्याला काहीच सुचेना, तेव्हा म्हणालो, ‘हे नुसतं गवत आहे, फसवू नकोस.’ मग डोळे उघडले. लिंबाची साल होती. कढीलिंब होता. कवठाचं पान होतं, आणि शेवटी एक मोठं, मऊ, फिकट बेलाचं पान.

‘ही सगळी एकाच कुळातली आहेत, बाबा,’ ती म्हणाली. ‘लिंबू, संत्रं, कवठ, बेल, कढीलिंब, सगळी. यांच्या पानात तेलाचे बारीक थेंब असतात. चोळलं की वास सुटतो तो त्याचा. तुम्ही चार सख्ख्यांना परके म्हणालात.’ ती चेष्टेनं म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

मग तिनं ते मोठं पान माझ्या हातात दिलं आणि खिडकीशी नेलं. उजेडाकडे धरायला सांगितलं. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके. वायवर्ण्याला ते नसतात. कुठलं पान, विचारलं तर म्हणाली, ‘काकानं दिलंय. सिन्नरच्या अलीकडे एका बागेत कलमी बेल लावलाय, मोठ्या फळांचा. पानं मोठीच असतात त्याची. श्रावणात पहाटे जाऊन त्यानंच तोडली होती. हाताला काटे लागलेले आईनं पाहिले होते की.’

तर असं आहे. पानं बेलाचीच होती. माझं नाक आषाढातच गेलं होतं, मला कळलं नव्हतं. वास जातो तेव्हा काही दुखत नाही रे. जग फक्त भेसळीचं वाटायला लागतं.

मी काल नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, तापानंतर असं होतं, येईल किंवा नाही येणार. तेव्हा झालेल्या प्रकारात खरा दोष तापाचा, हे तूही मान्य करशील. मी माझ्या समजुतीप्रमाणे शास्त्र सांभाळलं. शब्द थोडा जास्त गेला असेल, त्याबद्दल मला वाईट वाटतं. मोठ्या भावानं यापेक्षा अधिक काय लिहावं?

एक विनंती. सध्या हे आपल्यातच राहू दे. गुरुजींना वासच येत नाही असं एकदा बाहेर गेलं, की लोक तुपापासून सगळ्याची शंका घेतील. लग्नसराई जवळ आली आहे. तुळशीचं लग्न झालं की लोक येऊ लागतील. सवडीनं मी खंडेरावांच्या कानावर घालीन. तू मात्र आता घरी यायला हरकत नाही.

दादा

पंचवटी
कार्तिक शुद्ध तृतीया

आल्हाद,

भाऊबीजेच्या दिवशी तुझं कार्ड मिळालं. मजकूर मी इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. ‘दादा, पत्र मिळालं. आपल्यातच राहू दे म्हणतोस. मग जे झालं तेही आपल्यातच व्हायला हवं होतं.’ खाली सहीसुद्धा नाही.

दिवाळीचा फराळ समोर होता. मी चकली मोडली आणि ठेवून दिली. तुला उत्तर लिहायला बसलो आणि मागचं पत्र आठवलं, तेव्हा कान गरम झाले. क्षमा मागता मागता मी तुला गप्प राहायला सांगितलं होतं. तुझ्यावर आळ सगळ्यांसमोर घेतला आणि तो उतरवायची वेळ आली तेव्हा सवड काढतो म्हणालो. लाज वाटते. हा शब्द मी आजवर दुसऱ्यांना उद्देशूनच वापरला, ‘लाज वाटायला पाहिजे’ असा. स्वतःसाठी तो कसा लिहितात हेही मला नीट जमत नाही.

आणखी लिहितो, म्हणजे मी काय करत होतो ते तुला कळेल. वास येत नाही हे कळल्यावरही मी येत असल्याचं सोंग करत होतो. यजमानानं धूप दाखवला की मान डोलवायची. तूप उघडलं की ‘वा, घरचं दिसतंय.’ इगतपुरीला एका वास्तुशांतीला गेलो होतो. दाराला सोनचाफ्याचं तोरण. मी उंबऱ्यात थांबून डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, ‘घरात शिरतानाच प्रसन्न वाटलं.’ घरच्या बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मागून त्यांची जाऊ फस्सकन हसली. म्हणाली, ‘गुरुजी, प्लॅस्टिकचं आहे ते. मॉलमधून आणलंय.’ सगळे हसले. मीही हसलो, आणि पूजा सांगताना दिवसभर मला त्यांच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

येताना गाडीत बसलो तेव्हा तुझी आठवण झाली. मला परक्या घरात लोक हसले ते एवढं लागलं. तुला तर तुझ्या सख्ख्या भावानं, आपल्याच माणसांत, बायकोसमोर, देवाला फसवणारा म्हटलं. मी अंगणात ओतलेली पानं तू गोळा करत होतास. मी तुला तेही करू दिलं नाही, ‘राहू दे ते, पायाखाली जाऊ दे,’ म्हणालो. बेलाचं पान पायाखाली जाऊ दे, असं मी म्हणालो.

वैकुंठ चतुर्दशीची पूजा त्याच हॉलमध्ये आहे, खंडेराव येणार आहेत. तीच मंडळी असतील, देवव्रत आणि बाकीचेही. त्या दिवशी विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात, तेव्हा पानं निवडायला सगळे एकत्र बसतीलच. तिथे सांगतो. हे पत्र आधी पाठवतोय, म्हणजे मला मागे घेता येणार नाही.

दादा

पंचवटी
कार्तिक पौर्णिमा

आल्हाद,

सांगितलं.

पूजेच्या आधीच सांगितलं, नाहीतर मी आरतीनंतर, प्रसादानंतर असं करत राहिलो असतो. पानांच्या टोपल्या मधे होत्या, सगळे भोवती बसले होते. मी उभा राहिलो. सभेत उभं राहायची मला किती सवय, पण नजर टोपल्यांवरच ठेवली. म्हणालो, ‘श्रावणात आल्हादनं आणलेली पानं बेलाचीच होती. मी त्याला खोटं ठरवलं. मला तेव्हाही वास येत नव्हता आणि आजही येत नाही.’ एवढंच.

कोणी दचकेल असं मला वाटलं होतं. कोणी दचकलं नाही. खंडेराव पागोट्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘गुरुजी, खरं सांगू का, रागावू नका. तुमी पान चोळलं तवाच वास सुटला व्हता. मी तुमच्या म्होरंच बसेल व्हतो. लय चांगला वास. पन म्हटलं, दोघा भावांचं काय तरी असंल आतलं. आपन मधी कशाला बोलायचं.’

मी देवव्रतकडे पाहिलं. तो खाली मान घालून पानाचा देठ खुडत होता. म्हणाला, ‘आम्हालाही आला होता वास. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय.’

मुद्दाम. आल्हाद, हा शब्द ऐकेपर्यंत मला तो सुचलाही नव्हता. त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला बेलाचा वास येत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो मलाही येतोय आणि तरी मी तुला खोटं पाडतोय. तूही तेच समजलास. म्हणून तू भांडला नाहीस. चुकलेल्या माणसाशी भांडता येतं, मुद्दाम करणाऱ्याशी काय भांडणार. आश्विनातल्या पत्रात तापाचा दोष लिहिला, तो तुला कसा वाटला असेल याचा आता विचार करवत नाही.

मग मी घाईघाईनं सगळं सांगितलं. खीर, मृण्मयीची ताटली, डॉक्टरांचा कागद. मृण्मयीला फोन लावून तिच्याकडूनही वदवलं. हळूहळू सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. खंडेराव म्हणाले, ‘मंग तुमचा काय दोष, गुरुजी? शरीराचं कुनाला ठावं असतंय का?’ देवव्रतनं माझा हात धरला. कोणीतरी पाणी आणून दिलं. तुझं नाव चांगल्या तोंडानं घेतलं गेलं, पुढच्या श्रावणात आल्हादगुरुजींनाच बोलवू असं खंडेरावांची सून म्हणाली. मला हायसं वाटलं. प्रसादाचा शिरा मी दोनदा घेतला.

सरोजिनी आणि मी रिक्षानं घरी निघालो. रामकुंडाजवळ रहदारीत रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, ‘वास मलाही आला होता त्या दिवशी. मी बोलले नाही, ती माझी चूक, आल्हादभावजींना मी तसं सांगितलंय.’ मी म्हणालो, आता मिटलं ना सगळं. तर म्हणाली, ‘नाक गेलं होतं, कबूल. पण पान चोळलंत आणि वास नाही म्हणालात, तेव्हा तुमच्या तोंडाकडे मी बघत होते. तुम्ही हसलात.’

मी म्हणालो, काहीतरीच काय. तिनं रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

आज दिवसभर मी ते आठवायचा प्रयत्न करत नव्हतो, पण आठवलं. ती खरं बोलते. अण्णांचा मुलगा, बेलाचं पान हातात घेतो आणि वास येत नाही, तर त्यानं घाबरायला हवं होतं. लाख पानं, यजमान ताटकळलेले, भावाकडून घोटाळा झालेला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. सकाळपासून खंडेरावांच्या सुनेचं वाक्य माझ्या मनात चाललं होतं, संकल्प धाकट्या गुरुजींनी सांगावा, आवाज गोड आहे त्यांचा. मी हरकत घेतली नाही असं तुला ऐटीत लिहिलं होतं. हरकत घ्यायला मला कारण नव्हतं, एवढंच. पान चोळलं आणि कारण मिळालं.

दुसरं पान मी खात्री करायला चोळलं असं पहिल्या पत्रात भासवलं होतं. खात्री माझी पहिल्या पानालाच झाली होती. दुसरं पान चोळलं ते लोकांनी नीट पाहावं म्हणून.

तेव्हा काल ज्यांनी ‘तुमचा काय दोष’ म्हटलं, त्यांना मी अर्धंच सांगितलं आणि वर दोनदा शिरा खाल्ला. त्यांना वाटत होतं मी मुद्दाम केलं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण माझ्या नाकाच्या गोष्टीपेक्षा खऱ्याच्या जवळ होतं.

तू घरी ये असं या पत्रात लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. स्वानंदीला माझा नमस्कार सांग, आशीर्वाद नको.

उद्या सकाळच्या एसटीनं चांदवडला जातो. नाकाचं सांगून झालं आहे, हसण्याचं सांगायचं राहिलं आहे. देवव्रतला बरोबर घेतलं आहे, आणि खंडेरावांना मला काय कबूल करायचं आहे ते त्याला आत्ताच फोन करून सांगितलं, म्हणजे वाटेत मला दुसरं एखादं कारण सापडायला नको.

वेणीमाधव